पाण्याची वेळ

“एक तास मिळवायचा,” शैलेंद्र म्हणाला. “भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात उन्हाळी वेळ कधीच धरत नाहीत. आमच्या ऑफिसात नवा माणूस आला की आधी हेच शिकवतात त्याला.”

गाडीचं इंजिन चालू होतं. समोर, जिथे समुद्र असायला हवा तिथे, नजर पोचेल तिथवर ओला करडा चिखल पसरला होता. त्याच्या मधोमध खडीचा एक अरुंद रस्ता होल्म बेटाकडे गेला होता. डेन्मार्कच्या त्या पश्चिम किनाऱ्यावर हा रस्ता दिवसातून दोनदा उघडा पडायचा आणि दोनदा बुडायचा. पाण्याखाली गेला तरी तो कुठे आहे हे कळावं म्हणून कडेने बर्च झाडांच्या उंच फांद्या रोवलेल्या होत्या.

मी मांडीवरचा कागद पुन्हा पाहिला. “ह्यात धरलेली आहे, शैलेंद्र. तळाला बारीक अक्षरात लिहिलंय.”

“कुठे?”

“हे बघ.”

“हे तर डॅनिशमध्ये आहे.”

“हो.”

तो हसला. “वैजू, तुझ्या क्लासात भाजी कशी मागायची ते शिकवतात. समुद्र नाही शिकवत.”

मागच्याच रविवारी उन्हाळी वेळेसाठी तिथली घड्याळं एक तास पुढे सरकली होती. कागदाप्रमाणे रस्ता दहापर्यंत कोरडा राहणार होता, शैलेंद्रच्या हिशेबाने अकरापर्यंत. तेव्हा साडेनऊ वाजायला आले होते. तो अडाणीपणाने बोलत नव्हता, हे मला सांगायलाच हवं. तो समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या कंपनीत इंजिनिअर होता आणि त्यांच्याकडे येणारी सगळी वेळापत्रकं खरोखरच हिवाळी वेळेची असत. हा कागद मात्र किनाऱ्यावरच्या किराणा दुकानातला होता, बेटावर सहलीला जाणाऱ्यांसाठी छापलेला.

“पंधरा मिनिटांत बेटावर,” त्याने गिअर टाकला. “तिथे अर्धा तास बसू, कॉफी घेऊ, त्यांना नीट समजावून सांगू आणि परत. त्या म्हाताऱ्या बाईला फोनवर नाही म्हणणं मला बरं वाटत नाही.”

आम्ही बेटावर नाही म्हणायला चाललो होतो. म्हणजे तो म्हणणार होता आणि मी शेजारी बसणार होते.

त्या म्हाताऱ्या बाईचं नाव इंगर. सत्तरीची, उंच, वाऱ्याने रापलेली. बेटाच्या टोकाला पक्षी मोजण्याचं एक लहानसं केंद्र होतं, ते ती सांभाळायची. एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या कुरणांत ब्रेंट जातीचे हजारो काळे हंस उतरतात, सैबेरियाला जाण्यापूर्वी पोटभर चरून घेतात. त्यांची रोज मोजणी करायला तिला सहा आठवड्यांसाठी एक मदतनीस हवी होती. राहायला खोली, जेवण आणि थोडा पगार. महिन्यापूर्वीच्या सहलीत ती माझ्याशी बोलली. मी आचऱ्याच्या खाडीकाठी वाढले, कोल्हापूरला कालवांवर एम.एस्सी.चा प्रबंध लिहिला, हे ऐकल्यावर तिने एकच विचारलं होतं, “पाणी वाचता येतं?”

“येतं,” मी म्हणाले होते.

“दुर्बिणीतून बघायला मी कुणालाही शिकवीन. पण ज्याला पाणी वाचता येत नाही, त्याला मी बेटावर ठेवत नाही. एकदा ठेवला होता. त्याला शोधायला हेलिकॉप्टर आणावं लागलं. विचार कर आणि एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सांग. नंतर मी दुसऱ्या कुणाला तरी विचारीन.”

शैलेंद्र शेजारीच उभा होता. परतताना गाडीत तो म्हणाला होता, “छान बाई आहे. बोलू आपण ह्यावर.” मग ‘बोलू’चे तीन आठवडे गेले आणि चौथ्या आठवड्यात तो म्हणाला, “सहा आठवडे मी काय करायचं घरी? आणि तुझा इथे राहण्याचा परवाना माझ्या नोकरीवर आहे, उगीच कुणी काही विचारलं तर? मी सांगतो त्यांना, तू वाईट वाटून घेऊ नकोस.”

तो कधी आवाज चढवत नसे. लग्नानंतर सांगलीत सासूबाईंसमोर मी ‘अहो’ म्हणायचे. विमानतळावरून घरी येताना टॅक्सीतच तो म्हणाला, “इथे कसलं अहो-जाहो? तू म्हण मला.” मी म्हणू लागले. क्लासला जा म्हणालाही तोच. पक्ष्यांचं वेड त्याचं, म्हणून दर शनिवारी सहल. दुर्बीण एकच होती, त्याची. त्याचं बघून झालं की ती माझ्याकडे यायची, तोवर पक्षी बहुतेक उडालेला असे.

रस्त्याच्या साधारण मध्यावर त्याने गाडी थांबवली.

“अगं, बघ ते!”

डावीकडच्या चिखलावर तुतवार पक्ष्यांचा प्रचंड थवा उतरला होता. एक वळसा घेतला की पांढरा, दुसरा घेतला की तपकिरी. त्यांच्या कडेने लाल चोचींचे काळेपांढरे पक्षी चालत होते. त्यांना मी आमच्या भाषेत कालवफोडे म्हणायचे, कारण ते तेच करतात. शैलेंद्रने दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली, स्वतः कॅमेरा आणि ती मोठी लेन्स घेतली आणि खाली उतरला.

“दोनच मिनिटं.”

पक्षी जवळ येत होते. जवळ म्हणजे इतके, की त्यांच्या पायांचा चिखलावरचा बारीक चुटचुट आवाज ऐकू यावा. शैलेंद्र गुडघ्यावर बसून फोटो काढत होता.

“आज घाबरतच नाहीत,” तो कुजबुजला. “आपल्याकडेच येतायत.”

“आपल्याकडे येत नाहीयेत,” मी म्हणाले. “मागून पाणी त्यांना ढकलतंय.”

“श्श्.”

मी मागे वळून पाहिलं. खाडीकाठच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पाणी समोरून लाटा घेऊन येत नाही. आधी ते मागच्या घळी भरतं, गुपचूप. रस्त्याच्या जमिनीकडच्या बाजूला मघाशी कोरडा असलेला एक चर आता भरला होता आणि त्यातला फेस किनाऱ्याच्या दिशेने सरकत होता.

“शैलेंद्र, चल. मागे पाणी आलंय.”

“अकरापर्यंत वेळ आहे.”

“नाहीये.”

“दोन मिनिटं म्हटलं ना.”

थवा उडाला तेव्हा तो उठला. बेटाच्या बाजूला रस्ता जिथे खोलगट होता, तिथे फांद्या पाण्यातून वर आल्यासारख्या दिसत होत्या. आम्ही गाडीत बसलो, त्याने ती तिकडे नेली, पाणी चाकाच्या मध्यापर्यंत आलं तशी मागे घेतली. मग जमिनीकडे वळवायला गेला. अरुंद रस्त्यावर मागचं चाक कडेवरून घसरून चिखलात रुतलं आणि तिथेच फिरत राहिलं.

शैलेंद्रने इंजिन बंद केलं.

रस्त्याच्या मध्यावर, अशा अडकलेल्यांसाठीच, चार खांबांवर एक लाकडी खोली बांधलेली होती. खोली कसली, पेटीच. शिडीने वर चढायचं. आम्ही घोटाभर पाण्यातून तिकडे गेलो. त्याने कॅमेरा डोक्यावर धरला होता. जेवणाचा डबा गाडीतच राहिला.

पेटीत एक बाक, एक बादली, दोन घोंगड्या आणि हाताएवढी काचेची खिडकी. बाकावर बसलो की आमचे गुडघे समोरच्या फळीला टेकत. खिडकीतून मी पाहत होते. गाडीची चाकं गेली, मग दारं. पाणी मुळीच घाईत नव्हतं.

शैलेंद्रने फोन काढला. माझा फोन घरी चार्जिंगला लावलेला होता. इंगरचा नंबर त्याच्याच फोनमध्ये होता. तो इंग्रजीत बोलू लागला, ऑफिसात बोलतो तसा, शांत, किंचित हसून.

“हो, दोघंही सुखरूप आहोत. वरच आहोत... नाही, गाडी गेली... काय झालं, वेळ माझ्या बायकोने बघितली होती. तिच्या वाचण्यात चूक झाली. हो, एक तासाची. नवीन आहे ना ती... हो, हो. थांबतो. आभारी आहे.”

त्याने फोन खिशात ठेवला. “ओहोटीपर्यंत ट्रॅक्टर येऊ शकत नाही. साडेपाच-सहा वाजतील.”

माझा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागलेला होता. तो बाजूला घ्यायला जागा नव्हती.

“मी चुकीचं वाचलं?” मी विचारलं.

“अगं, त्यात काय.” त्याने घोंगडी उलगडून माझ्या खांद्यावर टाकली. “कुणीतरी एकजण चुकलं म्हणायचंच होतं. मी समुद्रावरच काम करतो, वैजू. ही बातमी सोमवारी ऑफिसात पोचणार, इथे सगळे एकमेकांना ओळखतात. ‘ह्याला भरती-ओहोटी कळत नाही’ म्हटलं तर माझं काय राहील? तुला काय फरक पडतो? तुला इथे कोण ओळखतं?”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. एखादं गणित समजावून सांगावं तसं तो सांगत होता.

“इंगर ओळखते,” मी म्हणाले.

“इंगर!” तो हसला. मग खिसे चाचपून त्याने आईने पाठवलेल्या आलेपाकाची पुडी काढली. चार वड्या होत्या. त्याने तीन मला दिल्या. “खा. थंडी कमी वाटेल.”

मी एक खाल्ली. खाली पाणी खांबांवर आपटू लागलं होतं, हलकेच, दारावर कुणी बोटाने वाजवावं तसं. एक कालवफोड्या गाडीच्या टपावर येऊन बसला. शैलेंद्रने त्याचा फोटो काढला.

“इंगर काय म्हणाली होती, आठवतं तुला?” बऱ्याच वेळाने मी विचारलं.

“कशाबद्दल?”

“पाण्याबद्दल. कुणाला बेटावर ठेवत नाही त्याबद्दल.”

तो लेन्सची काच पुसत होता. हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा काच पुसू लागला.

“मग बरंच झालं की,” तो म्हणाला. “नाही म्हणायचं अवघड काम वाचलं. आता तीच नाही म्हणेल.”

ह्याला आता सतरा वर्षं झाली. फोनवर बोलताना त्याच्या मनात हे होतं, की मी विचारल्यावर सुचलं, ते मला अजूनही ठरवता येत नाही. त्याचा हात थांबला होता, एवढंच मी पाहिलं.

त्यानंतर तासन्‌तास आम्ही तिथे बसून होतो. तो थोडा झोपला, माझ्या खांद्यावर डोकं टेकून. उठल्यावर म्हणाला, “आपण मे महिन्यात नॉर्वेला जाऊ. कड्यांवर हजारो पक्षी असतात म्हणे. तुला आवडेल.” मला बादली वापरावी लागली तेव्हा तो फळीकडे तोंड करून मोठमोठ्याने आरती म्हणत राहिला, मला लाज वाटू नये म्हणून. आणि मला हसू आलं. हेच अवघड होतं. तो ओरडला असता, हात उगारला असता, तर मला काय करायचं ते कधीच कळलं असतं. घरातही असंच होतं. तिसऱ्या मजल्यावरची ऊबदार खोली, फ्रिजवर त्याने लावलेली माझ्या क्लासची वेळ, कुणाचाही फोन आला की “थांब, मी बोलतो.” दार कधीच बंद नव्हतं, फक्त त्यातून बाहेर पडताना दर वेळी तो पुढे असायचा.

मी खिडकीतून एका फांदीवर नजर ठेवली. पाणी कुठवर आलंय ते सालीच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून कळत होतं. एक पट्टा बुडला, मग दुसरा. मग बराच वेळ काहीच हललं नाही. मग दुसरा पट्टा ओला होऊन पुन्हा दिसला.

“उतरायला लागलं,” मी म्हणाले.

“इतक्यात नाही. अजून तास आहे.” त्याचा हिशेब अजून तोच होता.

मी फांदीकडेच पाहत राहिले. मात्र ट्रॅक्टर आला तो माझ्या वेळेला, त्याच्या नाही. बेटाच्या दिशेने आधी आवाज आला, मग उंच चाकांचा ट्रॅक्टर दिसला, मागे बाक बसवलेली ट्रॉली. चालवणारा ओले नावाचा बेटावरचा शेतकरी होता. ट्रॉलीत पिवळा रेनकोट घालून इंगर बसली होती.

आम्ही शिडीने उतरून ट्रॉलीत चढलो. इंगरने थर्मासमधून कॉफी ओतून माझ्या हातात दिली, मग त्याच्या. ओलेने आमच्या गाडीभोवती एक चक्कर मारली, आत पाहिलं. “हिला उद्या ओढू,” तो म्हणाला. “आधी तुम्हाला किनाऱ्यावर सोडतो.”

ट्रॉली हलली तसा शैलेंद्रने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तिला फार वाईट वाटतंय,” तो इंगरला म्हणाला. “तुम्ही आमच्यासाठी एवढा त्रास घेतलात. आणि त्या कामाबद्दल आम्ही आज बोलायलाच येत होतो, पण आता—”

“मला तिला विचारायचंय,” इंगर म्हणाली.

“हो, ती—”

“तिला.”

मग ती माझ्याकडे वळली आणि डॅनिशमध्ये, क्लासातल्या बाई बोलायच्या त्याहूनही सावकाश, म्हणाली, “तू कागद चुकीचा वाचलास?”

खांद्यावरचा हात तसाच होता. लग्नाच्या दोन वर्षांत चार लोकांसमोर मी त्याचं एकही वाक्य खोडलं नव्हतं. चुकीचं असलं तरी घरी येऊन बोलायचं, ही माझ्या आईचीही रीत होती, आजीचीही. डॅनिश वाक्य मी आधी मनात जुळवलं. क्रियापद कुठे येतं ते तपासलं. हसू येतं आता, पण मी खरंच तपासलं.

“मी बरोबर वाचला होता,” मी म्हणाले. “दहा वाजेपर्यंत. खाली लिहिलेलं आहे.”

ओलेने मान वळवून मागे पाहिलं.

“मग आलात का?” इंगरने विचारलं.

“गाडी तो चालवत होता.”

इंगरने मान हलवली. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“काय म्हणालीस?” शैलेंद्रने मराठीत विचारलं. चेहऱ्यावर इतरांसाठीचं हसू तसंच होतं. “काय सांगितलंस त्यांना?”

“वेळ मी बरोबर वाचली होती, हे सांगितलं.”

त्याचा हात खांद्यावरून निघाला. “घरी बोलू,” तो म्हणाला.

ट्रॅक्टर किनाऱ्याला लागला. बांधाजवळ ओलेने ट्रॅक्टर थांबवला, इंजिन चालूच ठेवलं. शैलेंद्रने आधी कॅमेऱ्याची बॅग खाली ठेवली, मग स्वतः उतरला. मी बाकावर बसून होते.

“वैजू, उतर.”

“मी सहा आठवडे बेटावर राहते आहे,” मी म्हणाले. मग इंगरला तिच्या भाषेत विचारलं, “चालेल?”

“चालेल,” ती म्हणाली. “पण लवकर. अंधाराआधी बेटावर पोचायचंय.”

शैलेंद्र खाली उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने कडक झाली होती. “तमाशा नको करूस,” तो हळू आवाजात म्हणाला. “आईला काय सांगू मी?”

“वैजू हंस मोजायला गेली आहे, असं सांग.”

“तुझे कपडे, औषधं, काहीही नाहीये इथे. मी आणून देणार नाही, सांगून ठेवतो.”

“बरं.”

“परवान्याचं काय होईल, माहितीये तुला?”

“नाही,” मी म्हणाले. ते खरं होतं. पुढे त्याचं जे व्हायचं ते झालं, सोपं काहीच नव्हतं.

मग त्याने हात वर केला, माझ्या दिशेने पसरला. वाटलं, आता हा हात धरून म्हणेल, चुकलं माझं, चल. तसं म्हणाला असता तर मी उतरले असते, हे मला तेव्हाही कळत होतं.

“दुर्बीण,” तो म्हणाला.

सकाळपासून ती माझ्या गळ्यातच होती. मी पट्टा डोक्यावरून काढला, केसात अडकला तो सोडवला आणि दुर्बीण त्याच्या हातात दिली.

ट्रॅक्टर वळला. रस्ता पुन्हा ओला, चमकता, दोन्हीकडे फांद्या. मी मागे पाहिलं तेव्हा तो फोन कानाला लावून बांधावर येरझाऱ्या घालत होता. पाण्याच्या कडेला तुतवारांचा थवा परत उतरला होता. नुसत्या डोळ्यांना तो चिखलावरच्या सावलीसारखा दिसत होता.

बुडालेल्या गाडीपाशी आलो तेव्हा इंगरने माझ्या पायांकडे पाहिलं.

“बुटाचं माप काय तुझं?”

“छत्तीस.”

“माझ्याकडे अडतीसचे आहेत,” ती म्हणाली. “मोजे दोन घाल.”